लक्ष कुठे होतं तुझं?

घरात दोन-तीन लहान मुले असली की रोज काही ना काही घडतेच. सांडणे, फुटणे, पडणे, गिळणे, अडकणे! त्यातले हसण्यावारी नेण्यासारखे कोणते आणि धावत दवाखाना गाठण्यासारखे कोणते?

सकाळी नळाला पाणी आले आहे. गॅसवरचे वरण उतू जाण्याच्या बेतात आहे. पाच वर्षांच्या थोरल्याला एकच बूट सापडला आहे. तीन वर्षांची मधली बाथरूममधून ‘आई, झालीऽऽ’ म्हणून ओरडते आहे आणि दहा महिन्यांचे धाकटे रांगत रांगत नेमके कुठे गेले, हे कोणालाच ठाऊक नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरात धाडकन डबा पडतो. आई धावत जाऊन पाहते, तर पीठ जमिनीवर, बाळ पिठात आणि बाळाच्या मुठीत, देव जाणे कुठून आलेले, शर्टाचे बटण!

रायपूरच्या कोणत्याही वस्तीतले, तात्यापाऱ्यातल्या जुन्या घरातले किंवा शहराबाहेर नव्याने उभ्या राहिलेल्या इमारतीतल्या दोन खोल्यांचे हे चित्र असू शकते. संध्याकाळी नवरा कामावरून येतो, बाळाच्या कपाळावरचे टेंगूळ पाहतो आणि त्याच्या तोंडून तेच वाक्य निघते, जे देशातल्या सगळ्या बाबांना पाठ असते, ‘‘अगं, लक्ष कुठे होतं तुझं?’’

या प्रश्नाचे खरे उत्तर फार साधे आहे. लक्ष दुसऱ्या मुलाकडे होते. एक मूल असते तेव्हा आईचे डोळे त्याच्यामागे फिरू शकतात. दोन-तीन असली की कोणत्याही क्षणी एकाकडे पाठ असतेच. घरातले बहुतेक अपघात त्या पाठीमागेच होतात आणि त्याला निष्काळजीपणा म्हणणे हा त्या आईवर अन्याय आहे.

‘आम्ही नाही का सात वाढवली?’

घरात एखादी आजी असली तर ती हे हमखास ऐकवते. तिचे म्हणणे खोटे नसते, पण ते अर्धेच असते. भोसल्यांच्या अमदानीपासून मराठी माणसे छत्तीसगडात येत गेली आणि इथलीच झाली. त्या जुन्या एकत्र घरांत सात मुले असली तरी त्यांच्यावर नजर ठेवायला आजी, आत्या, मोठी जाऊ आणि ओसरीवर पेपर वाचणारे आजोबा असत. पडलेल्या पोराला जो जवळ असेल तो उचलून घेई. आज तीच तीन मुले एका बंद दाराआड एकट्या आईच्या हवाली असतात.

शिवाय त्या काळातल्या सातांपैकी किती जगली, हेही विचारायला हवे. १९७१ साली भारतात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १२९ आपला पहिला वाढदिवस पाहू शकत नव्हती. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला. आता कुटुंबेही लहान झाली आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत छत्तीसगडमध्ये दर स्त्रीमागे सरासरी १.८ मुले असा हिशेब निघाला. म्हणजे जुळ्यांच्या पाठीवर तिसरे झालेल्या किंवा पाठोपाठ तीन मुले असलेल्या आईला, ‘माझ्याकडेही अस्सेच होते हो’ असे म्हणणारी शेजारीणसुद्धा चटकन मिळत नाही.

लाडाचा घास

एकाहून अधिक मुले असलेल्या घरातला सर्वांत मोठा धोका कोणता, असे विचारले तर पुष्कळजण गॅस, वीज किंवा जिना सांगतील. पण त्याआधी नंबर लागतो तो दादाचा किंवा ताईचा! चार वर्षांच्या ताईला बाळाचे फार कौतुक असते. आई पोळ्या लाटते आहे, बाळ रडते आहे, मग ताई समजूतदारपणे आपल्या वाटीतला फुटाणा त्याच्या तोंडात घालते. यात दुष्टपणा कणभरही नसतो. पण दाढा न आलेल्या बाळाला फुटाणा, शेंगदाणा, बोराची किंवा सीताफळाची बी चावता येत नाही आणि ती सरळ श्वासनलिकेत जाऊ शकते. अख्खे दाणे चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना देऊच नयेत, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात ते याचसाठी. दाण्याचा कूट करून द्यावा.

घास अडकला आणि मूल मोठ्याने खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. खोकल्याएवढा चांगला उपाय दुसरा नाही. आवाजच निघत नसेल, चेहरा निळसर पडत असेल, तर मात्र क्षणही दवडू नये. वर्षाच्या आतील बाळाला आपल्या हातावर पालथे, डोके खाली करून धरावे आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच थापा माराव्यात. नाहीच निघाले तर उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच दाब द्यावेत. असे आलटून पालटून करीत राहावे. वर्षापेक्षा मोठ्या मुलाला वाकवून पाठीवर पाच थापा आणि मग मागून मिठी मारून बेंबीच्या जरा वर, आत आणि वरच्या दिशेने पाच झटके. अमेरिकेतील डॉक्टर हेन्री हाइम्लिक यांनी १९७४ मध्ये सुचवलेला हा उपाय आजही शिकवला जातो. घशात काही दिसत नसताना उगाच बोट घालू नये, अडकलेली वस्तू आणखी खाली सरकते. मूल निपचित पडले तर लगेच १०८ ला फोन करावा.

नाकात घातलेल्या वस्तूंची गोष्ट त्या मानाने गमतीची आहे. मणी, वाटाणा, खोडरबराचा तुकडा, काय वाटेल ते नाकात जाते आणि दोन भावंडांत तर कधी कधी त्याची शर्यत लागते. मुले कबूल करीत नाहीत. चार दिवसांनी एकाच नाकपुडीतून घाण वास येणारा शेंबूड वाहू लागतो आणि घरच्यांना वाटते, सर्दी झाली. या दुखण्यावर वैद्यकशास्त्रात एक फार गोड नावाचा उपाय आहे, ‘आईचा मुका’. १९६५ मध्ये व्लादिमिर स्टिबोर या डॉक्टरांनी त्याची माहिती दिली. मुलाची मोकळी नाकपुडी बोटाने बंद करायची, त्याच्या तोंडावर आपले तोंड घट्ट ठेवायचे आणि एक छोटीशी फुंकर मारायची. अडकलेली वस्तू बाहेर येते. २०१२ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यानुसार दहातल्या सहा मुलांना याचा उपयोग होतो. आधी डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावे. चिमटा, पिन, काडी यांनी मात्र कोरू नये. आणि कानात राजम्याचा दाणा गेला असेल, तर तेल किंवा पाणी घालू नये. दाणा फुगून बसतो!

दोन तासांची मुदत

मुलाने रुपया गिळला की सगळे घर हवालदिल होते. डॉक्टर एक्स-रे काढतात. नाणे पोटात उतरलेले असेल तर बहुधा ते आपोआप बाहेर पडते. पण नाण्यासारखीच दिसणारी दुसरी एक वस्तू आता घराघरांत आली आहे, रिमोटमधली, वजनकाट्यातली, दिवे लागणाऱ्या खेळण्यातली चपटी बटण-बॅटरी. थोरल्याचे खेळणे फुटते, बॅटरी सोफ्याखाली घरंगळते आणि रांगणाऱ्या बाळाला नेमकी तीच सापडते. अन्ननलिकेत अडकलेली अशी बॅटरी दोन तासांत आतली त्वचा जाळू लागते. तेव्हा ‘उद्या सकाळपर्यंत वाट पाहू’ हे नाण्याच्या बाबतीतसुद्धा म्हणू नये, कारण गिळले ते नाणेच होते हे कोणी सांगावे? मूल वर्षापेक्षा मोठे असेल, त्याला गिळता येत असेल आणि बारा तास उलटले नसतील, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, असे आता विषबाधातज्ज्ञ सांगतात. वर्षाच्या आतील बाळाला मध अजिबात नको. आणि मध शोधण्यात वेळ घालवणेही नको.

देवघर आणि औषधाचा डबा

मराठी घरातल्या देवघराकडे कोणी धोक्याची जागा म्हणून पाहत नाही. पण कापराच्या पांढऱ्याशुभ्र वड्या मुलांना खडीसाखरेसारख्या दिसतात. कापूर पोटात गेला की लहान मुलांना थोड्याच वेळात झटके येऊ शकतात. आरतीचे तबक खाली ठेवून आई दार उघडायला गेली की झाले! कपाटातल्या डांबरगोळ्यांचेही तसेच. काही मुलांच्या रक्तात जन्मतः एका घटकाची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने भराभर फुटतात.

आणखी एक वस्तू अशी आहे, जी नेमकी अनेक मुले असलेल्या घरातच सापडते. गरोदर आणि बाळंतीण स्त्रियांना सरकारी योजनेत लोहाच्या लाल गोळ्या मिळतात, बाळंतपणाआधी १८० दिवस आणि नंतरही १८० दिवस. प्रत्येक गोळीत ६० मिलिग्रॅम लोह. आईसाठी ते अमृत आहे. पण दोन वर्षांच्या पोराने गोड लाल गोळ्या समजून मूठभर खाल्ल्या तर तेच लोह जिवावर बेतते. नवे बाळ घरात आले की आईचे सारे लक्ष त्याच्याकडे, गोळ्या उशाशी आणि थोरले मूल हेव्याने आणि कंटाळ्याने घरभर हिंडणारे. यापेक्षा वाईट योग कोणता?

औषधाच्या बाटलीला ‘दाबा आणि फिरवा’ असे झाकण दिसते, ते कॅनडातील विंडसरच्या हेन्री ब्रो या बालरोगतज्ज्ञाच्या प्रयत्नांतून १९६७ मध्ये पुढे आले. विषबाधा झालेली मुले रोज पाहून तो वैतागला होता. मुलांना गुपचूप औषध काढता येऊ नये, म्हणून झाकणच अवघड करायचे असे त्याने ठरवले. पण आपल्याकडे गोळ्या बहुधा पट्टीत येतात आणि पट्टी फोडायला मुलांना भारी आवडते. तेव्हा कुलूप हेच आपले झाकण. फिनाइल, थिनर, रॉकेल यांना शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची खोड तर घरोघरी आहे. असे काही पोटात गेले तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. उलटीतून ते फुप्फुसात शिरते आणि खरा घात तिथेच होतो. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. त्याच्या १८००-११६-११७ या क्रमांकावर फोन करून काय करावे ते विचारता येते.

एकाने खाल्ले, सगळ्यांनी खाल्ले

छत्तीसगडमध्ये राहणाऱ्यांना रतनजोत सांगायला नको. महाराष्ट्रात याला मोगली एरंड म्हणतात. २००५ च्या सुमारास या बियांपासून डिझेल काढण्याची मोठी योजना इथे आखली गेली आणि रस्त्याकडेला, शेताच्या कडेला, शाळांच्या आसपास ही झाडे लागली. डिझेलचे फारसे काही झाले नाही, झाडे मात्र राहिली. बी चवीला शेंगदाण्यासारखी लागते. म्हणून एक मूल खाते, दुसऱ्याला देते, आणि थोड्या वेळाने एकाच वेळी चार-पाच मुलांना उलट्या-जुलाब सुरू होतात. राज्यातल्या वर्तमानपत्रांत अशा बातम्या वरचेवर येत आल्या आहेत. बहुतेक मुले उपचारांनी दोन-एक दिवसांत बरी होतात, पण पाणी फार झपाट्याने जाते, म्हणून सलाइनची सोय असलेल्या ठिकाणी लगेच न्यावे. आणि एक गोष्ट विसरू नये, एका मुलाने काही खाल्ल्याचे कळले की बाकीच्यांनाही विचारावे. भावंडे एकमेकांना वाटून खातात, हे संस्कार आपणच केलेले असतात ना!

घराच्या मागची बाडी हीसुद्धा घरच आहे. १० जून २०२२ रोजी तेव्हाच्या जांजगीर-चांपा जिल्ह्यातील पिहरीद गावात एक मुलगा स्वतःच्या घरामागच्या वापरात नसलेल्या बोअरवेलमध्ये पडला. शेजारी समांतर खड्डा, मग बोगदा, मध्ये कठीण खडक. शंभराहून अधिक तासांनी, १४ जूनच्या रात्री त्याला जिवंत बाहेर काढले गेले आणि सगळ्या राज्याने सुटकेचा निःश्वास टाकला. अशा बोअरचे तोंड पक्के बंद करावे, भोवती कुंपण घालावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच दिला होता. एका झाकणाचा खर्च तो काय!

मे महिन्यातला रायपूर

इथला उन्हाळा म्हणजे पारा ४५ अंशांच्या आसपास आणि सगळे घर एका कूलरभोवती. शाळेला सुट्ट्या, म्हणजे थोरलेही घरीच. कूलरची पत्र्याची पेटी, तिच्यात पाणी, विजेची तार आणि ओल्या अंगाची मुले. अर्थिंग तपासल्याशिवाय मोसमात पहिल्यांदा कूलर सुरू करू नये आणि वीज गळताच प्रवाह तोडणारे यंत्र मीटरजवळ बसवून घ्यावे. पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा. आणि पाणी भरून उरलेली बादली? ती तशीच कूलरपाशी राहते. चालायला शिकलेले मूल बादलीत डोकावते, तोल जातो आणि त्याचे डोके अंगाच्या मानाने जड असल्याने त्याला मागे येता येत नाही. वीतभर पाणीसुद्धा पुरते. आणि बुडणारे मूल ओरडत नाही, हे कायम ध्यानात ठेवावे. दोन मुलांच्या भांडणाचा आवाज ऐकून धावणाऱ्या आईने त्या वेळी गप्प असलेल्या तिसऱ्याला आधी शोधावे.

भाजले तर वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावे, हे आता पुष्कळांना माहीत आहे. पण रायपुरात मेच्या भर दुपारी नळ उघडला तर गच्चीवरच्या टाकीतले पाणीच हात पोळणारे येते. म्हणून उन्हाळ्यात झाकण लावलेली एक बादली घरातच सावलीला असू द्यावी, ती मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी. नाहीतर माठातले पाणी सरळ ओतावे. बर्फ नको. टूथपेस्ट, शाई, हळद यांतले काहीही नको. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नये. भाग मोठा असेल, किंवा चेहरा, हात वा जांघेला भाजले असेल तर स्वच्छ कापडाने झाकून डॉक्टरकडे.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००८ मध्ये मुलांच्या अपघातांवर जो अहवाल काढला, त्यात जगभर दररोज दोन हजारांहून अधिक मुले अपघाताने दगावतात असे म्हटले होते. रस्ते, बुडणे, भाजणे, पडणे आणि विषबाधा ही त्यातली मुख्य कारणे. यातली रस्ते सोडून बाकी चारही घरात आणि अंगणात भेटतात.

हातोडी आणि कडी

मग आईने काय करावे, चार डोळे आणावेत? त्यापेक्षा घर बदलावे. बाथरूमची खालची कडी काढून वर लावली की तीन वर्षांची मुलगी आत कोंडून घेऊ शकत नाही आणि अर्धा मोहल्ला दाराबाहेर ‘बेटा, उलटी घुमाओ’ म्हणून ओरडत बसत नाही. दाराच्या वरच्या कडेवर जाड टॉवेल टाकला की दार धाडकन मिटत नाही आणि बोटे वाचतात. थोरल्याच्या बारीक तुकड्यांच्या खेळण्यांना टेबलावरची जागा द्यावी, जमिनीवरची नव्हे. पलंगावर उशांचा बांध घालून बाळ झोपवण्यापेक्षा खाली सतरंजीवर झोपवलेले बरे. उशीचा बांध दादाच्या पहिल्या उडीत फुटतो. आणि पडलेच, तर वारंवार उलटी, गुंगी, शुद्ध हरपणे किंवा झटका यांतले काहीही दिसताच दवाखाना.

बाकी जे होते त्याला हसून घ्यावे. ताईने बाळाचे जावळ विधीच्या आधीच स्वतःच्या कात्रीने उरकले, मोबाइल वरणात पडला, भिंतीवर आठ फुटांची आगगाडी निघाली, तेलाच्या पिंपात चेंडू गेला. यांना अपघात म्हणू नये. रात्री दमलेल्या आईने हे सांगावे आणि ऐकणाऱ्याने ‘लक्ष कुठे होतं?’ न विचारता पोछा हातात घ्यावा.

ज्या नवऱ्यांना हे पटत नाही, त्यांच्यासाठी रायपुरात वर्षातून एक दिवस येतो. पोळ्याला मातीचे नांदिया बैल आणि चूल-भांडी घेऊन मुलांनी घरभर माती करून झालेली असते. तिसऱ्या दिवशी तीजा. छत्तीसगडी रीतीप्रमाणे घरोघरीच्या कामवाल्या बाया माहेरी गेलेल्या, एक-दोन नव्हे, चांगल्या तीन-चार दिवसांसाठी. त्याच दिवशी मराठी घरात हरतालिका, म्हणजे आईला निर्जळी उपास. दुसऱ्या दिवशी गणपती, म्हणजे मोदकांची तयारी आजच. तेव्हा मुले बाबांच्या ताब्यात.

बाबा पेपर उघडून ऐटीत बसतात. पहिल्या पंधरा मिनिटांत थोरला पाटावर चढून मखराला लोंबकळतो. त्याला उतरवेपर्यंत मधली फुलांच्या परडीतली दूर्वा बाळाला भरवू लागते. दूर्वा काढून घेईपर्यंत बाळाने समईतले तेल डोक्याला चोळलेले असते. स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘‘अहो, बघताय ना?’’ दुपारी बाबा हातोडी शोधायला लागतात. बाथरूमची कडी वर जाते, कापराची डबी वरच्या फळीवर आणि लाल गोळ्या कपाटात, कुलपाआड.